सर्व्हर मला सोडेना

...आणि वर मलाच विचारतात, "काका, हे 'ते' म्हणजे काय?" आता तुम्हीच सांगा, 'ते' म्हणजे काय हे काय विचारायचं असतं? 'ते' म्हणजे ते! चाळीस वर्षं इस्पितळाच्या भांडारात काढली, पट्ट्या, हातमोजे, चादरी, सुया, सगळं माझ्या हाताखालून गेलं, कुणी नुसतं "काका, ते द्या" म्हटलं की मी द्यायचो, आणि बरोबर तेच द्यायचो. शिक्षण चौथी. पण 'ते'च्या जागी 'हे' एकदाही गेलेलं नाही.

तर तुम्हाला सांगतो, माझा सुटायचा दिवस ठरलेला. महिनाअखेर. वय उलटल्यावरही साहेबांनी थांबवलं, थांबलो. आता पुरे. कारण अक्का. माझी थोरली बहीण, ब्याऐंशीची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि आता तिचं विसरणं वाढत चाललंय... आधी चष्मा विसरली, मग गॅस, मग आपली गल्ली. भाचीचा फोन आला, "मामा, आई अजून तुम्हाला ओळखते. या लवकर." मी म्हटलं, बरं. एक तारखेपासून तिच्याकडेच राहायचं. मी दारात उभा राहिलो की तिनं ओळखावं, एवढंच. दुसरं मागणं नाही.

आणि नेमका त्याच महिन्यात इस्पितळात नवा सर्व्हर आला!

सर्व्हर म्हणजे काय, तर गार खोलीतलं एक कपाट. दिवे लुकलुकतात, हूं हूं करतं, कुणाशी बोलत नाही. जुने सगळे प्रोग्रॅम त्यात हलवायचे, त्यासाठी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, चहा गार करून पिणाऱ्या. मला समोर बसवलं. "हे बघा काका, प्रोग्रॅमला खरी जागा ठाऊक नसते. तो टोपणनावानं मागतो. ते टोपणनाव म्हणजे सर्व्हरवरची कुठली यादी, हे आपण एकदा जोडून द्यायचं. तुम्ही फक्त नावं ओळखा." मी म्हटलं, बरं.

"'वरचं' म्हणजे?"

"चौथ्या मजल्याचा साठा."

"'आत्याबाई'?"

"वाफेची मशीन. निर्जंतुक सामान तिथून निघतं. दिवसभर फुसफुसते, म्हणून आत्याबाई."

बाई हसल्या नाहीत. आत्याबाई जोडली. "आणि 'ते'?"

झालं होतं असं, की अठरा वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम आमच्याच एका कारकुनानं लिहिलेला. जाड भिंगाचा चष्मा, म्हणून सगळे भिंगवाले म्हणायचे. ते खाली लिहीत बसलेले, मी शिडीवर, हातात खोका, नाकात धूळ, आणि त्यांनी विचारलं, "या साठ्याला नाव काय देऊ?" मी ओरडलो, "अहो ते! ते मागचं!" त्यांनी टंकलं, 'ते'. झालं! पुढं भिंगवाले निवृत्त झाले, मग वारलेही, आणि अठरा वर्षं चारी मजल्यांवरच्या नर्सबाई 'ते' दाबून मागच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटातलं सामान मागवतायत! कुणाचं अडलं? कुणाचंही नाही! अडलं कुणाचं, तर सर्व्हरचं!

"मागची खोली, कुलूपबंद कपाट," मी सांगितलं. दोन मिनिटांत जोडलं. "निघू का?"

"थांबा काका. आता ओळख."

"कुणाची?"

"सर्व्हर दोनच गोष्टी विचारतो. काय हवंय, आणि मागतंय कोण. काय हवंय ते झालं..." आणि पडद्याकडे बघता बघता बाईंचा चेहरा उतरला. भिंगवाल्यांनी काय करून ठेवलेलं? प्रोग्रॅमला कुणाची तरी ओळख द्यायची होती, समोर मी होतो, त्यांनी माझी दिली! माझं नाव, माझा परवलीचा शब्द. म्हणजे नर्सबाई आपल्या नावानं आत येणार, पण पुढं भांडारापर्यंत निरोप जाणार तो माझ्या नावानं. चौथ्या मजल्यावर सुया मागतोय कोण? मी! तळमजल्यावर चादरी परत करतोय कोण? मी! प्रसूतिगृहात मी जन्मात पाऊल टाकलेलं नाही हो, आणि तिथून दिवसातून चाळीस वेळा दुपटी मागवतोय... मी!

"बदला," मी म्हटलं.

"एका जागी असतं तर बदललं असतं काका. दोनशे चौदा जागी आहे."

बाईंनी मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठे साहेब वाक्य पुरं करत नाहीत. "हां, ते आपण... म्हणजे बघू..." म्हणजे बघितलं नाही. आणि नियम असा, की नोकरी संपली की त्या दिवशी दुपारी बाराला माणसाचं नाव सर्व्हरवरून काढायचं. महिनाअखेर आली. बाराला नाव काढलं. मी डबा आणि छत्री घेऊन फाटकापाशी पोचलो, तोच मागून पहारेकरी धापा टाकत, "काका, परत फिरा! सगळे मजले बंद पडले!"

चारी मजल्यांवर, प्रत्येक पडद्यावर एकच ओळ. ओळख पटली नाही. ओळख पटली नाही. तिकडे टेबलावर माणूस झोपवलेला आणि डॉक्टरांना हातमोजे मिळेनात. मी किल्ल्या मागून घेतल्या, हातानं सामान काढून दिलं. नाव परत चढवलं. साहेब म्हणाले, "काका, नवी ओळख तयार होईपर्यंत... पंधरा दिवस... कारण माणूस नोकरीत असेल तरच नाव... नियम आहे ना..." मी म्हटलं, बरं.

पंधराचे तीस झाले. तीसचे नव्वद. माझ्या खुर्चीत नवा भांडारप्रमुख, मी स्टुलावर. काम काय? काही नाही. नुसतं असायचं. इकडे भाचीचे फोन. "मामा, आज आईनं मलाच विचारलं, तुम्ही कुणाकडच्या?" मी म्हटलं, बरं. "मामा, तुमचा फोटो दाखवला, तर चांगला दिसतो म्हणाली, कोण ते नाही सांगता आलं." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? दात काढण्याआधी सुई टोचतात ना, तसं झालेलं. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही.

शेवटी साहेबांपुढं उभा राहिलो. आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, त्या दिवशी म्हटलं, "साहेब, मला सोडा. माझी बहीण संपत चाललीय."

"अहो काका, तुम्हाला कोण अडवतंय, फक्त नियम..."

तेव्हा बाई बोलल्या. "साहेब, नियम माणसांना आहे. यंत्रणेला नाही." त्यांनी माझ्या नावापुढचा रकाना उघडला. तिथं 'व्यक्ती' लिहिलेलं. ते खोडून 'यंत्रणा' केलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर्व्हरच्या लेखी तुम्ही आता माणूस नाही काका. जा तुम्ही. नाव राहू दे."

मी म्हटलं, बरं. आणि निघालो.

अक्का खिडकीपाशी बसलेली, रुमालांच्या घड्या घालत. "अक्का," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं. पाहुण्याकडे बघतात तसं, अगदी अदबीनं.

"कोण आपण?"

मी नाव सांगितलं. पुरं सांगितलं. आणि तुम्हाला सांगतो, चेहरा असा खुलला तिचा! "तो होय! धाकटा भाऊ माझा! पण तो कामावर गेलाय हो. बसा ना."

आता तिला चूक कसं म्हणू? सकाळचे अकरा वाजलेले. चौथ्या मजल्यावर माझ्या नावानं सुया मागायची वेळ.

बसलो. तीन आठवडे झाले, बसलोच आहे. रोज संध्याकाळी मी विचारतो, "आला का?" आणि अक्का माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवून मलाच समजावते, "येईल हो. काम टाकून यायचा नाही तो. मी वाढवलंय त्याला."