रेघ कुठल्या टोकाला

...आणि वर आमची बायको मलाच विचारते, "फुटलं कसं?" आता काय सांगू? फुटलं! फट्ट झालं, ठिणगी उडाली, खोलीभर जळका वास... आणि समोर कोण बसलेलं? माझा मुलगा! ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तोच, खुर्चीच्या कडेवर, पायांत बूट तसेच. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले, टेपरेकॉर्डर केले, टीव्ही केले. शाळा चार बुकांची, पण मेलेला रेडिओ माझ्या टेबलावरून कधी मेलेला परत गेला नाही. या कामातलं मला कोण सांगणार!

सुरुवात बायकोनं केली. माळा साफ करायला चढली आणि खोकं घेऊन उतरली. आत व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा, कॅसेट खुपसायची, तीस वर्षांपूर्वीचा तो. मीच टाकला होता वर. मुलाचं परीक्षेचं वर्ष, आणि साहेब पुस्तक सोडून टुकटुक करत बसलेले. वायरी उपटल्या, खोक्यात भरला, शिडी लावली. तो मागोमाग आला. "बाबा, त्याच्या आत—" मी म्हटलं, "आत नाही नि बाहेर नाही! परीक्षा झाली की मिळेल!" परीक्षा झाली. कॉलेज झालं, नोकरी झाली, लग्न झालं... वर राहिलं ते राहिलंच. मी विसरलो. तो विसरला नसावा, कारण तेव्हापासून माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलतो. "गरम होतंय." "होतंय." संपलं! महिन्या-दोन महिन्यांनी येतो, आईशी दहा मिनिटं बोलतो, बूटसुद्धा काढत नाही. पंचेचाळिशीला आला, कानशिलं पांढरी झाली, बूट तेच... म्हणजे बूट नवे हो, पण पायांतच!

बायको म्हणाली, "रविवारी येतोय. त्याची वस्तू त्याला देऊन टाका." बंद पडलेली? माझ्या हातून? छे! मनात म्हटलं, चालू करून देऊ, खेळेल घटकाभर, तेवढाच बसेल. बोललो नाही. असलं मी बोलत नाही.

टीव्हीला लावला. चित्र आलं, फिकं, आवाज नाही, मग चित्रही गेलं. उघडायला घेतला. आधी कॅसेट ओढून काढली, घट्ट रुतली होती. तिच्यावर पेनानं कुणा पोराचं नाव, आमच्याचं नव्हे. असेल कुणाची! ठेवली खिडकीत.

आत बघतो तर कंडेन्सर गळलेले. हल्ली त्यांना कपॅसिटर म्हणतात, म्हणू देत. वाटाण्याएवढे पत्र्याचे डबे, अकरा. त्यांच्या पोटात पाणी असतं, ते पाझरून बोर्डावर उतरलेलं, तांबं हिरवं पडलेलं. डाख द्यायचा तापता आयर्न टेकवला की कुजक्या मासळीसारखा वास! बायको आतून ओरडते, "काय मेलंय हो तिथं?" काही मेलं नव्हतं. तीस वर्षं माळ्यावर पडून होतं, एवढंच.

अकराही काढले. बोर्ड पुसला, घासला. बोर्डावरची एक तांब्याची रेष गंजून तुटली होती, तिथं केसाएवढी तार जोडली. या वयात! डोळ्याला भिंग, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं.

नवे आणायला दुकानात गेलो. दुकानदारानं पिवळ्या चपट्या वड्या काढल्या. "काका, हे टँटलम धातूचे. गळायचं नावच नाही. फक्त यांची रेघ—" मी म्हटलं, "रेघ काय असते ते तू मला सांगतोस? तू रांगत होतास तेव्हापासून डाख देतोय मी!" आता तुम्हाला म्हणून सांगतो, कंडेन्सरला दोन टोकं, एक प्लस, एक मायनस. उलटा बसला की फुटतो. म्हणून एका टोकाला रेघ छापतात. रेघ म्हणजे मायनस! चाळीस वर्षं रेघ म्हणजे मायनस! मला कोण सांगणार!

घरी आलो. बायको पिशवी झटकत म्हणाली, "अहो, यात कागद आहे, त्यावर लिहिलंय की—" म्हटलं, "कागद वाचून काम करणारे वेगळे!" तीन दिवसांत अकराही बसवले, डाख एकेक मोत्यासारखा. बायको म्हणाली, "तो यायच्या आधी एकदा लावून तरी—" माझा डाख मी तपासत नाही! बटण मुलगाच दाबेल. मला कोण सांगणार!

रविवारी आला. बसला. "गरम होतंय." मी म्हटलं, "होतंय. बटण दाब." त्यानं गेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... दाबलं.

फट्ट!

मी वायर उपटली. वाटलं, आता हसेल, नाहीतर उठून जाईल. तो धुराकडे बघेचना! सरळ खिडकीशी गेला, कॅसेट उचलली. "ही आतच होती?" म्हटलं, "हो. कुणाची आहे?"

"माझ्या बाकावरच्या मित्राची. एका दिवसाच्या बोलीवर आणली होती. तेच सांगत होतो, शिडीपाशी."

वर्गात याला चोर म्हणायचे म्हणे. वर्षभर. मित्र बाक बदलून बसला. हा आवाज न चढवता सांगत होता, हवापाण्याचं सांगावं तसं. म्हटलं, "अरे, मग त्याच्या घरच्यांनी यायचं, मला विचारायचं!"

"त्याचे वडील आले होते, बाबा."

आणि आठवलं हो मला! दारात एक माणूस, हातात टोपी. "अहो, तुमच्या मुलानं—" एवढंच बोलू दिलं मी त्याला. म्हटलं, माझ्या मुलाचं मला कोण सांगणार! दार लावून घेतलं. वर ऐटीत जेवायला बसलो. हा समोर होता ताटावर. मान खाली घालून जेवत होता... मला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन!

"तो मित्र असतो कुठे आता?" म्हटलं. "माहीत नाही." कॅसेट खिशात घातली त्यानं. मग टेबलाशी आला, जळकी वडी नखानं उचलली, बायकोनं जपून ठेवलेला तो कागद उलगडला. वाचला. "बाबा, यात रेघ—"

आणि थांबला.

सवयीनं थांबला हो! आता मी तोडणार म्हणून आपणच थांबला. बायको दारात, हातातली कपबशी तशीच धरून. शेवटी म्हटलं, "मग? रेघ काय?"

"यात रेघ म्हणजे प्लस."

अकराच्या अकरा उलटे! दुकानदार सांगत होता, कागद सांगत होता, बायको सांगत होती... एक फुटला, दहा रांगेत बसलेत, मोत्यासारख्या डाखांत, उलटे! "सगळे काढावे लागतील," म्हणाला. "लागतील," म्हटलं. तो खाली वाकला. वाटलं, नाडी आवळून निघाला. तर बूट काढत होता! काढून भिंतीशी लावले, स्टूल ओढलं, माझा आयर्न तापत ठेवला आणि तापताच उचलला.

आता तुम्हाला सांगतो, त्यानं तो धरला पार पुढे, तापलेल्या लोखंडाशी. अजून इंचभर सरकला की भाजणार! मी तोंड उघडलं... बायकोनं माझ्याकडे बघितलं. मिटलं. मनात म्हटलं, आता नाही बोलायचं. जन्मभर बोललो, आज एक दिवस नाही.

चर्र!

बोट तोंडात घालून माझ्यावरच ओरडतो, "बाबा, दिसत होतं ना तुम्हाला? सांगायचं नाही होय?" आणि बायको त्याच्या बोटावर पाणी ओतत म्हणते, "नको तिथं बोलतात आणि हवं तिथं तोंड शिवून बसतात!"

आता घ्या! कधी बोलायचं नि कधी गप्प बसायचं... हे या वयात मला कोण सांगणार?