पोटरीतला गोळा

राजाबाई : आगं आगं, मोडशील पाय! सोड!

प्रांजली : सोडत नाही. गुडघा सरळ ठेवा, आत्या. चवडा तुमच्याकडं ढकलू द्या मला. असा ताण दिला की गोळा सुटतो.

राजाबाई : सकाळच्या पारी सासूला मारायला बसलीस का?

प्रांजली : सासू काल रस्त्यातच मरत होती! डोक्यावर सीताफळाची पाटी, रस्त्याच्या मधोमध पोटरीत गोळा, अन् समोरून टेम्पो.

राजाबाई : थांबला ना त्यो.

मल्हारी : थांबला, पर समद्या सीताफळांचा चेंदा झाला. म्या कवाधरनं म्हणतोय, दोन्ही पायांत काळा दोरा बांध. खंडेरावाच्या बायकोचा गोळा दोऱ्यानंच गेला.

प्रांजली : मामा, डाव्या पायात बांधलाय की दोरा. आता गोळा त्याच पायात आलाय.

मल्हारी : मग तुझ्या डागदरानं तरी काय दिवे लावले?

प्रांजली : त्याचं कुणी ऐकलं तर ना! साखर वाढली की सारखं लघवीला जावं लागतं, अंगातलं पाणी अन् क्षार निघून जातात, पोटऱ्या आखडतात. साखर आवरा, पाणी प्या, पायाच्या नसा तपासून घ्या. इतकं समजावलं त्यानं. ह्या नुसती मान डोलावून आल्या.

राजाबाई : पिते की पाणी.

प्रांजली : खोटं! सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच्या तशी परत येती. मीच रिकामी करते तिला.

राजाबाई : बस, सासूवर पहारा देत बस.

प्रांजली : का पीत नाही, तेवढं सांगा. मग मी तोंड उघडत नाही.

मल्हारी : सांग की. घसा कोरडा केला पोरीनं.

राजाबाई : पिलं की जावं लागतं! कुठं जाऊ? दौलताबादच्या रस्त्याला बसते मी, घरात नाय. एक डाव समोरच्या हाटेलात गेले, तर मालक गिऱ्हाइकांदेखत म्हणला, "बाई, ही काय धरमशाळा हाय व्हय?" समदे हसले. अन् ही साखर लागल्यापासून तर घडीघडीला. म्हणून घर सोडलं की घोटबी घेत नाय. घरी येईस्तोर.

(प्रांजली हातातला पाय हळूच खाली ठेवते.)

मल्हारी : मला कामून सांगितलं नाय?

राजाबाई : तुमी शेजारीच बसता. उठता, बाभळीमागं जाता, येता. मी कधी उठलेली दिसले का तुमाला?

प्रांजली : आत्या, पडेगावच्या वळणावर चंपाबाईचं घर आहे. पाटी तिच्या दारापुढं मांडा. संडास अंगणातच आहे, ती नाही म्हणायची नाही.

राजाबाई : वळणावर गाडी थांबत नाय. फळं सडतील.

प्रांजली : सडू द्या! पाय सडण्यापरीस फळं सडलेली बरी. अन् आज आधी दवाखाना, मग पाटी.

राजाबाई : तुला बोलाया काय जातंय? धंदा कोण करील?

मल्हारी : मी वळणाच्या अलीकडं उभा राहतो. हाळी देऊन गाड्या थांबवतो.

राजाबाई : तुमी? गिऱ्हाइकाला भाव सांगायचीबी लाज वाटती तुमाला.

मल्हारी : व्हय, वाटती. ऊठ, पाय टेकतोय का बघ.