बायको नावाचा ऑब्जेक्ट

नवऱ्याला ती नोकरी मिळाली नाही. पण हे आपल्याला अजून ठाऊकच नाही असं धरून चालू. आत्ता तो मुलाखतीसाठी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाकावर बसलाय, शेजारी बायको. पलीकडच्या उमेदवार मुलीने पाठांतर केव्हाच सोडून कान तिकडे लावलेत.

“काय बनवलंयस ते दाखव तरी.”

“आपल्या घराचा प्रोग्राम. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याला येणारी कामं त्याच्या नावाखाली लिहायची.”

“माझ्या नावाखाली केवढं हे! स्वयंपाक, भांडी, वीजबिल, आईंची औषधं, तुझे मोजे शोधणे…”

“मोजे महत्त्वाचेच आहेत.”

“आणि तुझ्या नावाखाली?”

“‘बसणे’. ‘आलोच म्हणणे’.”

“आणि येणे?”

“ते लिहायचं राहिलंय.”

“अरे, तुमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनीच बजावलं होतं ना, सगळा भार एकाच ऑब्जेक्टवर टाकला तर मुलाखतीत उडवतात म्हणून?”

“बाप रे! थांब, भांडी माझ्याकडे घेतो.”

“घे की. काय म्हणतोय लॅपटॉप?”

“‘नवरा: भांडी घासणे हे काम सापडले नाही.’”

“यंत्र असून खरं बोलतं हो.”

“थट्टा नको गं, आता बोलावतील. सगळं परत तुलाच देतो, निदान चालेल तरी.”

आतून त्याला हाक आली.

“जा. आणि साहेबांना माझा अर्ज दे. ‘सदर प्रोग्राममधील बायको या ऑब्जेक्टला पंधरा दिवसांची रजा मंजूर व्हावी. त्या काळात घर बंद पडल्यास अर्जदार जबाबदार राहणार नाही, ही नम्र विनंती.’”