निमुळते दात

कवळीचा विषय काढलात ना, मग आता माझा संताप ऐकाच. माझ्या आईचा चेहरा बाजरीच्या भाकरीसारखा गोल. नारायणगावच्या डॉक्टरनं तिला कवळी दिली ती लांबट, निमुळत्या दातांची. ती हसली की नातवंडं दचकायची.

मी तिला घेऊन तडक दवाखान्यात गेले. गाडी थोरल्या चुलत्यांची, म्हणजे आप्पांची, त्यामुळं तेही डॉक्टरांच्या खोलीत येऊन बसले.

"डॉक्टर, हे कुणाचे दात हिला बसवलेत?"

"चेहरा बघूनच दात निवडतो आम्ही," ते म्हणाले. "गोल चेहऱ्याला गोलसर, निमुळत्याला निमुळते. आजींचा चेहरा निमुळता आहे."

मी आईकडं बघितलं. थोरले दीर समोर, म्हणून तिनं पदर दोन्ही गालांवरून ओढून हनुवटीखाली मुठीत गच्च धरलेला. असा तर भोपळासुद्धा निमुळता दिसेल!

"आई, दर वेळी आप्पा आत असायचे?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"अहो, मग एकदा पदर बाजूला घ्या म्हणायला काय झालं होतं?" मी डॉक्टरवर ओरडले.

उत्तर आप्पांनीच दिलं, "आमच्या घरातली बाई माझ्यासमोर पदर पाडत न्हाई!"

आई उठली. तिनं पदर खांद्यावर टाकला, कवळी काढली आणि आप्पांच्या हातावर ठेवली. बोळक्या तोंडानंच म्हणाली,

"भावजी, ही तुमच्या मानापायी झालीया. आता तुमीच घाला."