अंगणातले सोडे

आमच्या आईचा एक नियम हाय. मटण असो की मासोळी, घरात शिजवायची न्हाई. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर. लग्नानंतर बायको पहिल्यांदा मालवणला माहेरी जाऊन आली, ती सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी अन् कोकम घेऊनच. आल्या आल्या तिनं गॅसवर पातेलं चढवलं.

आई देवापुढून ओरडली, "काय शिजून राहिलं गं?"

"सोडे, आई. आमच्याकडे घरातच करतात."

"इथं न्हाई. उचल अन् बाहेर जा."

बायको डोळे पुसत अंगणात गेली. मला वाटलं, आता ही परत माहेरी जाती.

थोड्या वेळानं आई उंबऱ्यावर येऊन बसली. "जरा आपला येसर मसाला टाक त्यात." मग उठून चुलीपाशी गेली. "चिंच काहून टाकली न्हाई?"

"कोकम टाकलंय. चाखून तर बघा."

आईनं तळहातावर रस्सा घेतला, चाटला, अन् पुन्हा हात पुढं केला.

याला दोन वर्षं झाली. नियम अजून बराबर पाळतो आमी, घरात मासोळी शिजत न्हाई. फक्त गॅसची शेगडी अंगणात नेऊन ठेवलीय. आईनंच.