आईचं ‘होईल’

नाही नाही काकू, फोटो नका मागू ना — म्हणजे फोटो आहे, पण मंडळाच्या सत्काराच्या बॅनरवर माझा नका लावू. आई सराफ्यात गेली आहे, सत्कारात घालायला मला कानातले आणते म्हणे, येईलच इतक्यात. बसा तुम्ही. हुशार? मी? खरंच वाटतं तुम्हाला? काय पाहून वाटतं? — नाही, सांगा ना. मंडळात केलं होतं ते भाषण? ते तर आईनं लिहून दिलं होतं. आणि बीएस्सीचे मार्क — ते पण तिचेच, एका परीनं. हसू नका. प्रत्येक पेपरच्या आधी मी कॉलेजच्या गेटवरून तिला फोन लावते — आई, होईल ना? ती म्हणते, होईल बेटा. मग मी आत जाते. सर चांगलं म्हणाले तरी वाटतं, उगाच बोलून राहिले. आईचंच लागतं. काय म्हणता, एमएस्सीची पोरगी अन् अजून आईला विचारते?

हो, शेवटच्या पेपरला पण लावला. ती कुंडमला मावशीकडे गेलेली — तिकडे जंगलात नेटवर्क कुठं आहे? मी लावून राहिली, लावून राहिली, फोनमधली ती बाई म्हणे पहुँच से बाहर. गार्ड भैया बोलले, दीदी, आना है तो आओ. सगळं येत होतं हो मला. काहून नाही गेली? तेच तर — पायच उचलला नाही. गेट लागलं. मग ऑटोनं घरी आली, वरण-भात जेवली. रडू नाही आलं. अजून नाही आलं. संध्याकाळी आईचा फोन, कसा गेला पेपर? मी म्हटलं, गेला. बस. रिझल्टची वाट पाहिली तर बॅनरला उशीर, म्हणून तिनं लगेच तुमच्याकडे नाव देऊन टाकलं — आमची यशश्री एमएस्सी झाली.

घ्या, बोलून बसली तुमच्यापाशी. नाही, ‘होऊन जाईल’ म्हणू नका, तुमचं लागत नाही मला.

स्कूटी थांबली ना? आईच. नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगते — पण तिला सांगायच्या आधी ‘आई, होईल ना’ कोणाला विचारू मी?

जा काकू तुम्ही. मागच्या दारानं जा.