उमेदवारासाठी आठ प्रश्न

संपादक : ...आणि हे काय? ‘घर सांभाळून प्रचाराला वेळ कसा काढता?’ मुलाखतीत हे तू दादांना विचारलंस? तीनदा निवडून आलेल्या माणसाला?

बातमीदार : विचारलं. दहा मिनिटं नुसता घाम पुसत होते.

संपादक : अगं बाई, पण का?

बातमीदार : साहेब, प्रश्नांचे दोन कागद तुम्हीच छापून ठेवलेत. एकावर ‘उमेदवार’, दुसऱ्यावर ‘महिला उमेदवार’. निघायच्या घाईत अदलाबदल झाली. दुसऱ्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं.

संपादक : मग थांबायचं ना!

बातमीदार : तोवर मजा यायला लागली होती. धाकटी कितवीत आहे विचारलं, तर उठून बायकोला विचारायला आत गेले.

संपादक : मतदानाआधीचा शेवटचा अंक आहे हा! दादा माझी सालटी काढतील.

बातमीदार : काढू देत. ‘साडीचा रंग कोण निवडतं’ हा मी गाळला, त्याचे तरी उपकार मानतील.

संपादक : चावटपणा पुरे. आणि पंपवाल्या ताईंना काय विचारलंस?

बातमीदार : त्यांच्या वाट्याला दादांचा कागद. पाणी, रस्ते, कचरा. बावीस वर्षं पंपघरात नोकरी केलीय हो त्यांनी! खडू घेऊन फरशीवर सगळे पाइप काढून दाखवले मला.

संपादक : छापण्यासारखं काही आहे का?

बातमीदार : वरच्या वस्तीला पाणी का चढत नाही, ते आहे. टाकीखालची झडप गंजून अर्धी मिटलीय. सहा वर्षं झाली.

संपादक : कशावरून?

बातमीदार : मी जाऊन पाहिली. हात बघा माझे.

संपादक : सहा वर्षं! आणि मागच्या निवडणुकीत ही बाई मूग गिळून बसली? मी स्वतः मुलाखत घेतली होती. चांगला दोन तास बसलो होतो तिच्या घरी.

बातमीदार : मीही त्यांना तेच म्हटलं.

संपादक : मग?

बातमीदार : म्हणाल्या, ‘तुमच्या साहेबांनी स्वयंपाक कोण करतं ते विचारलं. मीच करते म्हटलं, तर पोटभर जेवून गेले.’

संपादक : लाज काढलीस माझी. ताईंची मुलाखत पहिल्या पानावर घे. आठही प्रश्न, एक ओळ कापू नकोस.

बातमीदार : आणि दादांचा फोन आला तर?

संपादक : सांग, साहेब झडप बघायला गेलेत.